पात्यावरचे नाव



आजचा वक्ता कामगार चळवळीतला आहे हे कळल्यावर आपल्यापैकी काहींची अशी समजूत झाली असेल, की तासभर महागाई आणि बोनस यांवर ऐकावे लागणार. पत्रिकेवर 'जुनी जर्मन शस्त्रे : ओळख आणि संग्रह' हा विषय वाचून त्यांना बहुधा हायसे वाटले असेल. मात्र त्यांनी फार निर्धास्त राहू नये. शस्त्रांविषयी बोलता बोलता मी कामगारांवर येणारच आहे. कारण शस्त्र हे आधी कोणाच्या तरी कामाचा माल असते, आणि मग कोणाच्या तरी कमरेला लागते.

आपल्या भाषेने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखलेली आहे. सुताराच्या पेटीतला पटाशीचा तुकडाही 'हत्यार' आणि सरदाराची तलवारही 'हत्यार'. खंडेनवमीला देवघरासमोर तलवार पुजतात, त्याच दिवशी गिरणीत, छापखान्यात, एस. टी.च्या आगारात यंत्रांना आणि पान्यांना झेंडूचे हार पडतात. ज्याचा हात हत्याराला लागलेला आहे असा माणूस नवी कानस हाती आली की आधी तिच्यावरचा छाप पाहतो. ती कोणी केली, कोठे केली, पोलाद कसले आहे, हे त्याला कळायला हवे असते. मला शस्त्रांची गोडी लागली ती या सवयीतून. जे थोडे कळले ते वाचनालयात बसून आणि लोकांच्या घरच्या वस्तू हातात घेऊन. तेव्हा पंडिताचे व्याख्यान म्हणून हे ऐकू नये; एका कामकऱ्याने दुसऱ्या कामकऱ्यांच्या मालाची केलेली पाहणी म्हणून ऐकावे.

आता पहिला प्रश्न असा, की जर्मन शस्त्रांचा आणि रत्नागिरीचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो एका शब्दात साठवलेला आहे. तो शब्द म्हणजे 'फिरंग'. युरोपातल्या फ्रँक लोकांवरून अरबी-फारशीत 'फरंग' झाला आणि त्यावरून आपला 'फिरंगी'. परदेशी पात्याच्या तलवारीला आपल्या लोकांनी 'फिरंग' असेच नाव दिले. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून युरोपातली पाती येऊ लागली. पुढे इंग्रज आले; त्यांच्या सुरतेच्या वखारीच्या सुरुवातीच्या पत्रव्यवहारातही तलवारीची पाती हा विकाऊ माल म्हणून येतो. बहुतेक पाती मुठीशिवाय, नुसती पाती म्हणून येत. मूठ इथला कारागीर बसवी. मराठ्यांची सरळ धोप आणि लांब पट्टा यांना ही पाती विशेष मानवली.

कोणी विचारील, की दख्खनचे पोलाद तर जगात नावाजलेले. मग परदेशी पाते कशाला? शंका रास्त आहे. आपल्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे आणि त्याची धार अप्रतिम असे. पण लांब, सरळ, पातळ पाते वाकून पुन्हा सरळ व्हावे, तुटू नये, हा गुण युरोपी पात्यात अधिक होता. आणि ती पाती शेकड्यांनी तयार होत. शिपायाने आणि सरदाराने उपयोग पाहिला, गाव पाहिले नाही.

यातली पुष्कळ पाती ज्या गावाहून आली त्याचे नाव सोलिंगेन. जर्मनीत वुपर नदीच्या काठच्या डोंगराळ मुलखात हे गाव आहे. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना हे नाव न्हाव्याच्या वस्तऱ्यावरून ठाऊक असेल. तिथल्या नदीवर आणि ओढ्यांवर पाणचक्क्या होत्या आणि त्या चक्क्यांवर मोठमोठे शाणाचे दगड फिरत. तलवार एका माणसाची नसे. लोहार पाते घडवी. दुसरा त्याला पाणी देई, म्हणजे तापवून एकदम थंड करी आणि मग बेताने नरम करी. तिसरा शाणावर धरी. चौथा मूठ बसवी. पाणी देणारे आणि शाणावरचे यांच्या संघाला १४०१ मध्ये सनद मिळाली, तलवारीच्या लोहारांना १४७२ मध्ये आणि सुऱ्या-चाकू करणारांना १५७१ मध्ये. या सनदांनी त्यांना हक्क दिले आणि बेड्याही घातल्या. पाणी देण्याची विद्या बाहेर जाऊ नये म्हणून कारागिरांना मुलूख न सोडण्याची शपथ घ्यावी लागे. तरीही सतराव्या शतकात काही कारागीर इंग्लंडात गेले आणि हाउन्स्लो व शॉटली ब्रिज येथे त्यांनी भट्ट्या घातल्या. पोटासाठी माणूस शपथ मोडतो, हे मालकांनी त्या काळीही ध्यानात घेतलेले दिसत नाही.

शाणावर बसणाऱ्या कामगाराची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दगडाची बारीक धूळ त्याच्या छातीत साठे आणि तो अकाली खोकून मरे. आपल्याकडे खंबायतच्या अकीक घासणाऱ्या कामगारांना हाच रोग होतो. त्याला सिलिकोसिस म्हणतात. जुन्या पात्याचा आरशासारखा पृष्ठभाग पाहून आपण 'वा!' म्हणतो, तेव्हा ती चकाकी कोणाच्या श्वासाच्या बदल्यात आली हे माहीत असावे.

आता ओळखीकडे वळू. सोलिंगेनच्या लोहाराला आपली खूण असे. ती संघाच्या वहीत नोंदलेली असे, बापाकडून मुलाकडे जाई. योहानेस वुंडेस या नामांकित लोहाराची खूण मुकुट घातलेल्या राजाचे डोके ही होती. कोणाची चंद्रकोर, कोणाचा गोल आणि त्यावर क्रूस. काही पात्यांवर लॅटिनमध्ये 'मी फेकिट सोलिंगेन' असे शब्द असतात. अर्थ, 'सोलिंगेनने मला घडवले.' सर्वांत प्रसिद्ध खूण म्हणजे धावता लांडगा. तो पाच-सहा रेघांत कोरलेला असतो आणि कधी त्यात पितळ भरलेले असते. अजाण माणसाला तो कुत्रा वाटेल, घोडा वाटेल, नाहीतर नुसते ओरखडे वाटतील.

पण इथेच सावध व्हावे लागते. हा लांडगा मुळात सोलिंगेनचा नव्हेच; तो पासाऊ या दुसऱ्या जर्मन गावचा. पासाऊच्या मालाला नाव होते म्हणून सोलिंगेनवाल्यांनी लांडगा उचलला. इटलीत बेल्लुनो येथे सोळाव्या शतकात आंद्रेआ फेरारा नावाचा लोहार होऊन गेला. त्याचे नाव सोलिंगेनवाल्यांनी इतक्या पात्यांवर घातले की एका जन्मात कोणा लोहाराला तेवढी घडवता येणार नाहीत. स्पेनमधल्या तोलेदोचे नाव तसेच, आणि तेही पुष्कळदा चुकीच्या अक्षरांत. इटलीतल्या जेनोव्हाचे नाव आणि विळ्यासारख्या दोन दातेरी कमानींची खूण जर्मनीत उमटली, कॉकेशस पर्वतात उमटली आणि आपल्या देशातल्या लोहारांनीही उमटवली. गिऱ्हाइकाला जे नाव हवे, ते नाव पात्यावर! म्हणून खूण सापडली की शोध संपला असे समजू नये. तो तिथून सुरू होतो.

खुणेमागे ज्यांचे नावच नाही अशी माणसे मात्र आपल्याकडची. परदेशी पाते आले, त्याला आपल्या हाताच्या मापाची मूठ केली, परज बसवली, मुठीच्या टोकाला गज दिला, पाते लवचिक म्हणून त्याच्या बुडाला दोन्ही बाजूंनी पट्ट्या ठोकून बळकटी आणली. काही मुठींवर सोन्याच्या तारेची वेलबुट्टी केली. नंतर शिकलगाराने पिढ्यान्‌पिढ्या ते पाते उजळले. या लोकांच्या खुणांची वही कोणी ठेवली नाही. युरोपातल्या संग्रहालयातल्या चिठ्ठीवर 'पाते जर्मन, सतरावे शतक. मूठ भारतीय' असे लिहिलेले असते. पात्याला गाव मिळते, मुठीला सबंध खंडप्राय देश.

मोठ्या घराण्यांच्या शस्त्रांतही हीच कथा आहे. करवीरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला मिळालेली, आणि आज आपण जिला 'जगदंबा' म्हणतो ती तलवार लंडनला राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिचे पाते सरळ, युरोपी, आणि त्यावर आय. एच. एस. ही ख्रिस्ती धर्मातली अक्षरे तीन वेळा ठोकलेली आहेत. मूठ मात्र आपली; लोखंडी, सोन्याच्या फुलांची, हिरे-माणकांची. तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारातल्या अनेक कट्यारींना युरोपी तलवारींची पाती कापून बसवलेली होती. ते शस्त्रागार इंग्रज सरकारने १८६० नंतरच्या काही वर्षांत मोडले. निवडक वस्तू मद्रासच्या संग्रहालयात गेल्या आणि पुष्कळशा लोखंडाच्या भावाने गेल्या.

अगदी अलीकडची गोष्ट म्हणजे नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार. ही २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सोदबीज या लिलावगृहात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती घेतली. सर्व खर्च धरून सुमारे ४७ लाख रुपये पडले. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली तेव्हा मिरवणूक निघाली. तिचे पातेही युरोपी आहे. पण मला महत्त्वाची वाटते ती पात्याच्या पाठीवरची देवनागरी ओळ. तिच्यात रघूजींचे नाव आहे, 'सेनासाहेब सुभा' हा किताब आहे आणि शेवटी शब्द आहे 'फिरंग'.

मित्रहो, कधी कधी कोणी मला रागाने विचारतो, 'आमच्या पराक्रमी पुरुषांच्या तलवारी परदेशी होत्या म्हणता? आमचा कमीपणा दाखवता?' त्यांना मी ही ओळ सांगतो. बंगालपर्यंत ज्यांच्या फौजा गेल्या त्या सेनासाहेब सुभ्यांना आपल्या तलवारीवर 'फिरंग' हा शब्द सोन्यात लिहवून घेताना कमीपणा वाटला नाही, तो आपण का मानावा? चांगले हत्यार जिथे मिळेल तिथून घ्यावे आणि आपल्या हाताला बसेलसे करून घ्यावे, हा शहाणपणा आहे. लाज वाटायचीच तर ती अशी तलवार भंगारात गेल्याची वाटावी.

कारण ती जाते आहे. या जिल्ह्यात जुन्या घरी माळ्यावर, देव्हाऱ्यामागे, भाताच्या कणगीत तलवारी सापडतात. १८७८ च्या शस्त्र कायद्याच्या धाकाने कित्येकांनी त्या लपवल्या आणि पुढच्या पिढीला सांगायचे राहून गेले. चांगल्या पोलादाची म्हणून तलवार तोडून तिची कोयती करून घेतलेली मी पाहिली आहे. कोणी फिरता व्यापारी येतो, 'गंजलेले लोखंड आहे, आजी' म्हणतो आणि किरकोळ रकमेला घेऊन जातो. म्हणून घरी अशी वस्तू असेल तर ती कशी पाहावी हे सांगतो.

प्रथम ती घासू नका. राख, चिंच, लिंबू, पॉलिश कागद यांपैकी काहीही लावू नका. त्याने गंजाबरोबर खूणही जाते आणि गेलेली खूण परत येत नाही. शिवणयंत्राला घालतो ते हलके तेल मऊ फडक्यावर घेऊन हळूच पुसा. पाते खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरा. मुठीपासून वीतभर अंतरात, दोन्ही बाजूंना आणि विशेषतः लांबीने गेलेल्या पन्हळीत खुणा असतात. पन्हळी किती, त्या कोठे संपतात, पाते एकधारी की दुधारी, हे लिहून घ्या. खूण पृष्ठभागाबरोबरच झिजलेली आहे की आसपासचा भाग झिजून खूण तेवढी नवी करकरीत आहे, हे पाहा. दुसऱ्या प्रकारची असेल तर संशय घ्या. खुणेवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने ठसा घ्या. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, ही वस्तू कोठून आली, कोण काय सांगत असे, ते तारखेसह लिहून ठेवा. खूण खोटी असू शकते. घरची हकीकतही वाढवलेली असेल. पण न लिहिलेली हकीकत कोणाला तपासताही येत नाही.

कोकणच्या हवेविषयी एक सूचना. खारे वारे आणि पाऊस यांत पोलाद टिकत नाही. म्यान ओल धरते, म्हणून पावसाळ्यात पाते म्यानाबाहेर, शेजारी ठेवावे. खंडेनवमीला हळदकुंकू जरूर वाहावे. पण संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात द्यावा. देवीला राग येणार नाही.

तलवारींनंतर काही घरांत आखूड संगिनी सापडतात. या जिल्ह्यातून दोन्ही महायुद्धांत पुष्कळ शिपाई गेले. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन संगिनीच्या पाठीवर मुकुट, त्याखाली कैसर विल्हेल्मच्या नावाचे डब्ल्यू हे अक्षर आणि त्याखाली वर्षाचे दोन आकडे असतात. पात्याच्या बुडाशी कारखान्याचे नाव असते. म्हणजे १५ हा आकडा असेल तर साल १९१५. अशी संगीन आणि आजोबांचे पलटणीचे कागद एकत्र ठेवले तर ते त्या घराचे बखरीचे पान होते. वेगवेगळे केले की एक लोखंड राहते आणि दुसरी रद्दी.

शेवटी ज्या वस्तूंवर आज जगात सर्वांत जास्त संग्राहक तुटून पडतात त्यांविषयी. त्या म्हणजे हिटलरच्या राजवटीतले खंजीर. १९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. २ मे १९३३ या दिवशी जर्मनीभर कामगार संघटनांच्या कचेऱ्या त्याच्या माणसांनी ताब्यात घेतल्या, पुढाऱ्यांना पकडले आणि संघटना मोडल्या. आदल्याच दिवशी, १ मे रोजी, त्याच सरकारने कामगारदिनाची सुटी देऊन मिरवणुका काढवल्या होत्या. सोलिंगेन हे तर लाल बावट्याचे गाव. १९३० मध्ये तिथे कम्युनिस्ट नगराध्यक्ष निवडून आला होता आणि वरच्या सरकारने त्याला मान्यता नाकारली होती. मंदीने तिथल्या भट्ट्या थंड होत्या. अशा वेळी तपकिरी डगलेवाल्या एस. ए. दलासाठी खंजिरांची प्रचंड मागणी आली. संघटना गेली आणि काम मिळाले. पोट भरले, पण ज्यांनी आपली संघटना मोडली त्यांच्याच कमरेचा खंजीर घडवावा लागला.

या खंजिरांची ओळख शिकवणारी जाड पुस्तके आहेत. थोडक्यात सांगायचे तर सुरुवातीच्या खंजिरांवर कारखान्याचे नाव आणि चिन्ह असे. १९३५ च्या सुमारापासून पक्षाच्या साहित्यखात्याचा शिक्का आणि कारखान्याचा नुसता क्रमांक येऊ लागला. मूठ-परजेचा धातूही पुढे हलका झाला. पूर्वीच्या काळी लोहाराची खूण होती. मग व्यापाऱ्याचे नाव आले. आणि हुकूमशाहीत क्रमांक आला. कामगाराची खूण कशी पुसत जाते हे याहून स्पष्ट कोणी दाखवून देणार नाही.

यातला एक प्रकार ऐकण्यासारखा आहे. १९३४ च्या आरंभी एस. ए.चा प्रमुख रोम याने आपल्या माणसांना जे खंजीर दिले त्यांवर 'मनःपूर्वक मैत्रीने' अशा अर्थाचे शब्द आणि त्याचे नाव होते. त्याच वर्षी १ जुलैला हिटलरने रोमला ठार मारविले आणि ते नाव घासून टाकण्याचा हुकूम निघाला. अनेकांनी ते घासले. आज बाजारात घासलेल्या नावाच्या खंजिरालाही साध्या खंजिरापेक्षा जास्त किंमत येते. म्हणून बनावट करणारे आता नाव कोरण्याबरोबर ते घासण्याचेही काम करतात! १९४५ नंतर अशा नकला इतक्या झाल्या आहेत की पुस्तक न वाचता जो घेतो तो बहुधा फसतो. मुंबईच्या बाजारातून हौसेने आणलेला असा एक खंजीर मला दाखवण्यात आला. पात्यावरच्या जर्मन शब्दातल्या एका स्वरावर दोन टिंबे हवीत, ती नव्हती. कोरणाराला जर्मन येत नव्हते आणि घेणाऱ्यालाही.

असा खंजीर ठेवावा की नाही? माझे मत सांगतो. अस्सल असेल तर तो पुरावा आहे, आणि पुरावा जाळू नये. संग्रहालयात, माहितीच्या चिठ्ठीसह त्याला जागा आहे. पण दिवाणखान्यात शोभेसाठी तो लावणे म्हणजे खुन्याच्या बढाईला चौकट करणे होय. सोलिंगेन गाव स्वतः नोव्हेंबर १९४४ मध्ये बाँबहल्ल्यात उद्‌ध्वस्त झाले. त्या पात्यांनी त्या गावाचे रक्षण केले नाही.

कायद्याविषयी दोन शब्द. १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९७२ चा पुरावस्तू कायदा हे दोन्ही लक्षात असू द्यावेत. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवानगीवाचून परदेशी नेता येत नाही आणि पुरावस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही. शंका असेल तर आपल्याच गावात थिबा राजवाड्यात शासनाचे संग्रहालय आहे; तिथे जाऊन विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

संग्रह म्हणजे पैसेवाल्यांची हौस असे पुष्कळांना वाटते. मला वाटते, ज्याच्या घरी एकच तलवार आहे, पण तिचा ठसा, तिची मापे आणि तिची हकीकत वहीत नीट लिहिलेली आहे, तो खरा संग्राहक. ज्याच्याकडे पन्नास आहेत आणि एकीचेही गाव त्याला ठाऊक नाही, तो वखारवाला. येत्या खंडेनवमीला हत्यार पुजण्यासाठी काढाल तेव्हा हळद लावण्याआधी पाच मिनिटे ते उजेडात धरा. वुपरकाठच्या लोहाराची खूण सापडली तर आनंद आहेच. ती सापडली नाही, तर मूठ तरी नीट पाहा. ती करणाऱ्याचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. निदान त्याचे काम आपल्या घरातून भंगारात जाऊ नये, एवढी जबाबदारी आपली आहे.